चोलेंगताईचं केळफूल

चोलेंगताईला आमच्या गावात ओळखत नाही असं कुणी नाही, पण ओळखायचं कारण मध्येच बदललं. आधी ती केळफुलासाठी ओळखली जायची. नारळाच्या दुधात कोळंबी घालून मंद आचेवर शिजवलेलं केळफूल तसं इथे घरोघरी होतं, पण तिच्या हातचं खाऊन घरी गेलेला नवरा आठवडाभर बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा, इतकी त्याची ख्याती. तीन वर्षांपूर्वीच्या फिएस्तापासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, मात्र ती जुलाबांसाठी ओळखली जाऊ लागली.

मी बेसिंग, तिच्या भिंतीला भिंत लागून राहते. शिवणकाम करते. गावच्या बँडचे गणवेश माझ्याच हातचे, त्यामुळे कुणाचं पोट किती सुटलंय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. लोक म्हणतात माझी जीभ फार चालते. चालते. पण चोलेंगताईच्या बाबतीत गावाची जीभ जशी चालली, तिच्यापुढे माझी काहीच नाही.

ती मूळची इथली नव्हे. बानाहाव डोंगराच्या वरच्या अंगाला, मुळ्याच्या मळ्यांमध्ये वाढली. ताडाच्या तंतूंच्या टोप्या विणायला लहानपणीच शिकली. आंबो नावाच्या एका जीपवाल्याने तिला बाजाराच्या दिवशी टोप्यांच्या गठ्ठ्यासकट गाडीत घेतलं आणि पुढच्याच वर्षी लग्न करून आमच्या गल्लीत आणलं. मूलबाळ झालं नाही. आंबो देवमाणूस, पण त्याची आई महाखाष्ट. सुनेचं काही म्हणता काही तिला पसंत पडायचं नाही. एकच गोष्ट तिने जीव ओतून शिकवली, ती म्हणजे फिएस्ताचा स्वयंपाक. आणि एक नियम घालून दिला. पाहुण्याला भांड्याचा तळ दिसता कामा नये. शेवटचा माणूस उठेपर्यंत टेबलावरचं प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर त्याला वाटतं आपण जरा जास्तच खाल्लं. सासू गेली, मागोमाग आंबोही गेला. नियम तेवढा राहिला.

मे महिन्यात सान इसिद्रोचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या संताचा, फिएस्ता येतो. त्या दिवशी आमच्या घरांना दारं नसतातच असं समजा. ओळखीचा, बिनओळखीचा, मनिलाच्या बसमधून उतरलेला, गळ्यात कॅमेरा अडकवून वाट चुकलेला, कुणीही आत येतो आणि टेबलाशी बसतो. ‘तुम्ही कोण’ असं विचारायचं नसतं, ‘जेवलात का’ एवढंच विचारायचं. त्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं, ही त्याची बाजू. लेकरंबाळं असलेल्या घरात काय, रोजच पंगत असते. चोलेंगताईची पंगत वर्षातून एकदाच. त्यासाठी ती वर्षभर टोप्या विणायची, परसात डुक्कर वाढवायची, आणि तो दिवस उजाडला की वीस वर्षांनी लहान दिसायची.

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते सांगते. त्या दिवशी उकाडा असा, की सुई हातातून निसटत होती. तिने सकाळी केळफुलाचं मोठं भांडं टेबलावर मांडलं आणि सासूच्या नियमाप्रमाणे ते जरा खाली गेलं की वरून ताजं ओतत राहिली. दहा वाजता ओतलं, अकराला ओतलं, दुपारी ओतलं. वरचं ताजं, मधलं कोमट, आणि तळाशी सकाळपासून उबत पडलेलं नारळाचं दूध. चमचा तळापर्यंत जाईस्तोवर दुपार कलली होती. संध्याकाळी गल्लीत संडासांपुढे रांगा लागल्या. निम्मा बँड आडवा झाला. सगळ्यात जास्त हाल झाले ते तिबोकाकाचे. तो बँडमधला ट्यूबा वाजवतो, पिंपाएवढं पितळी वाद्य अंगाभोवती गुंडाळून. त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेऊन सलाईन लावावी लागली. परत आला तेव्हा मी शिवलेली पँट त्याच्या कमरेवर राहत नव्हती.

माणूस मेलं नाही कुणी, देवाची कृपा. पण गावाला विषय मिळाला. तिच्या दारावरून जाताना कुणी विचारायचं, दवाखाना उघडलाय का. न्हाव्याच्या दुकानात बसलेला तिबोकाका तिला बघून पोट धरायचा आणि बाकीचे खो खो हसायचे. ती पण हसायची. मला तिच्या त्या हसण्याचाच राग यायचा. घरी येऊन ती टोपी विणायला घ्यायची आणि विणलेलं उसवून परत विणायची, आठवडाभर तीच टोपी तिच्या मांडीवर दिसायची. पुढची दोन वर्षं फिएस्ताच्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि डोंगरावर बहिणीकडे गेली. फिएस्ताला बंद दार! आमच्याकडे मयताच्या घरीसुद्धा त्या दिवशी दार उघडं असतं.

या वर्षी मात्र पळता येणार नव्हतं. संताची मिरवणूक दरवर्षी वेगळ्या गल्ल्यांमधून निघते, म्हणजे सगळ्यांच्या पिकाला आळीपाळीने आशीर्वाद मिळतो. यंदा पाळी आमच्या गल्लीची आली. मिरवणुकीच्या वाटेवरचं घर सजवलेलं हवं आणि दार उघडं हवं, यात वादच नाही. मला वाटलं ती आजारी पडेल, निदान तसं सोंग तरी करेल. पण एका सकाळी बघते तर तिच्या अंगणात चूल पेटलेली. तांदळाचं पातळ पीठ खऱ्या पानांवर पसरून वाफवायचं, सोलून घ्यायचं, वाळवायचं, की लाल-हिरव्या-पिवळ्या रंगांची तांदळाची पानं तयार होतात. त्याला किपिंग म्हणतात. तिने ढीग घातला होता. मी भिंतीवरून डोकावून म्हटलं, एवढी पानं कुणासाठी? ती म्हणाली, संतासाठी. आणि जेवण? तेही करणार, म्हणाली. केळफूल? केळफूलच.

मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, पान्सितच्या शेवया कर, भाजलेलं डुक्कर ठेव, लसणीचे सॉसेज तळ, नारळाचं दूध तेवढं लांब ठेव, लोकांना आठवण कशाला करून देतेस? तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की लोक विसरलेलेच नाहीत, तर आठवण कसली करून द्यायची.

फिएस्ताच्या दिवशी पहाटे बँड गल्लीतून वाजत गेला आणि सूर्य वर येईपर्यंत आमची गल्ली ओळखू येईना. खिडक्यांवर किपिंगची झुंबरं, कठड्यांवर भोपळे, लांब शेंगा, भाताच्या लोंब्या. चोलेंगताईच्या घरावर तिच्या विणलेल्या टोप्या उतरंडीने लावलेल्या. टेबल मात्र वेगळंच. मोठं भांडं नव्हतंच. चहाच्या बशीपेक्षा जरा मोठे असे वाडगे, प्रत्येकात दोन-तीन माणसांपुरतं केळफूल. वाडगा संपला की ती तो आत न्यायची, घासायची, पुसायची आणि मग नवीन भरून आणायची. तोवर टेबलावर मोकळी जागा. कधी कधी घासायच्या आधीचा रिकामा वाडगा तसाच, तळ दाखवत.

मी तिला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, “अगं, लोक म्हणतील, चोलेंग खायला घालताना हात आखडते.”

“म्हणू देत.”

“सासू थडग्यात उठून बसेल तुझी.”

“बसू दे. बसली तर तिलाही ताजंच वाढीन.”

दहाच्या सुमाराला बाहेरगावचे लोक आले. मनिलाची एक पोरापोरींची टोळी, मग कुठल्याशा परदेशातलं गोरं नवराबायकोचं जोडपं. त्यांनी दोनदा नको म्हणायची रीत माहीत नसल्याने पहिल्याच हाकेला बसकण मारली. भरपेट खाल्लं, वाडगे चाटूनपुसून साफ केले, तिच्याबरोबर फोटो काढले. मला इतका आनंद झाला की मी जाता-येता रस्त्यावरचे पाहुणे ओढून आणायला लागले. चोलेंगताई सगळ्यांना प्रेमाने वाढत होती, पण तिचं लक्ष दाराकडे. शेवटी मी विचारलं, की घर भरलंय, तरी तोंड का असं?

“ही माणसं गोड आहेत,” ती म्हणाली, “पण यांना काही माहीत नाही, बेसिंग. माहीत असून जो माझ्या घरचं खाईल, तो एक तरी यायला हवा.”

गावातले लोक आले नाहीत असं नाही. मिरवणुकीच्या वाटेवरचं घर टाळून पुढे जाणं वाईट दिसतं. ते यायचे, घराची तारीफ करायचे, आत्ताच जेवून आलो म्हणायचे, आणि मग काहीतरी घ्यायला हवं म्हणून केळं उचलायचे. संत्रं उचलायचे. उकडलेलं अंडं सोलून खायचे. साल असलेल्या वस्तूंवर सगळ्यांचा भारी विश्वास. आमच्या गल्लीच्या प्रमुखाची बायको तिनांग तर शेंगदाणे सोलत अर्धा तास बसली. मला वाटत होतं तिच्या डोक्यावर वाडगा उपडा करावा.

तीनच्या सुमाराला बाहेरची माणसं मिरवणुकीसाठी जागा धरायला पांगली. घरात चोलेंगताई, मी, तिनांग आणि तिची टरफलं. तेवढ्यात दार अंधारलं. तिबोकाका. पांढरा गणवेश, घामाने पाठीला चिकटलेला, आणि खांद्यावर ट्यूबा. तो ट्यूबा दारातून आत येईना, म्हणून त्याने तो पायरीवर ठेवला आणि टोपी काढून आत आला. त्याला बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. तिनांगने शेंग सोलायची थांबवली.

तो टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, मला काही नको. लोर्नासाठी थोडं केळफूल बांधून द्या.”

लोर्ना त्याची थोरली मुलगी. सातवा महिना. तिला डोहाळे लागले होते ते नेमके याचेच. आईने चार घरचं आणून दिलं, तर एक घास खाते आणि वाटी सरकवते, असं तो सांगत होता. चोलेंगताईच्या हातचंच हवं म्हणून हटून बसलीय. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती, कारण तीन वर्षं पोट धरून हसवणारा तोच होता.

आता हे समजून घ्या, की आमच्याकडे टेबलाशी बसून दोन घास खाणं म्हणजे नुसती रीत. मनात काय आहे ते त्यावरून कळत नाही. पण घरी न्यायला बांधून मागणं वेगळं. ते माणूस आपल्या लेकराबाळांच्या तोंडात घालणार असतो. आणि इथे तर पोटुशी पोर. तीन वर्षं चोलेंगताईने ज्याची वाट बघितली, ते तिच्या दारात टोपी काढून उभं होतं.

ती आत गेली. भांड्यात दोन-तीन वाडगे भरतील एवढं होतं, ते मी बघितलं होतं. चांगलं होतं, थोड्या वेळापूर्वी मीच चाखलं होतं. मी मनात म्हटलं, घे बाई, बांध, दे, आणि सुटलो आपण. ती बाहेर आली ती रिकाम्या हातांनी.

“हे देत नाही मी,” ती म्हणाली.

तिबोकाकाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तो टोपी डोक्यावर घालायला लागला.

“दुपारी बाराचं आहे ते. लोर्नाला बाराचं कसं देऊ? थांबा थोडं, ताजं करते.”

“चारला मिरवणूक आहे, ताई.”

“मिरवणूक इथूनच जाते ना? दारावर आलात की घ्या. नारळ तेवढा खवायला हवा, बाकी माझ्याकडे सगळं आहे.”

मी उठणार होते, पण तिबोकाकाच पुढे झाला. त्याने कोपऱ्यातली नारळ खवायची विळी ओढली आणि पांढऱ्याशुभ्र पँटीसकट तिच्यावर बैठक मारली. मी ओरडले, की ती पँट मी काल धुऊन इस्त्री केलीय. त्याने ऐकलंच नाही. तो खवत होता, चोलेंगताई केळफूल चिरून मिठाने चोळत होती.

मग तो मान खाली घालूनच म्हणाला, “त्या दिवशी ते आंबट लागलं होतं.”

चोलेंगताईचा हात थांबला.

“पहिल्याच घासाला कळलं मला. माझ्या शेजारी बासरीवाला बसला होता, त्यालाही कळलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि खात राहिलो. मी तर परत वाढून घेतलं.”

“मला सांगायचं होतंत.”

“फिएस्ताला घरच्या बाईला असं सांगतात का कुणी? तुम्ही डोक्याशी उभ्या राहून विचारत होतात, कसं झालंय, कसं झालंय. मी म्हटलं, फर्स्टक्लास.”

तिनांगने खोकल्यासारखं केलं. मी तिच्याकडे वळून बघितलं तर ती शेंगदाण्याच्या टरफलांचे तुकडे करत होती. हळूच म्हणाली, “मलाही लागलं होतं.”

मला चोलेंगताईची भीती वाटली. मी असते तर ती विळी उचलून दोघांच्या अंगावर घातली असती. पन्नास माणसं जेवली, पन्नास जणांना कळलं, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, का, तर तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि मग तीन वर्षं खुशाल तिची टिंगल. चोलेंगताई चुलीपाशी पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसते की रडते ते कळेना. वळली तेव्हा दोन्ही चाललेलं होतं.

“आज आंबट लागलं तर सांगाल?” तिने विचारलं.

तिबोकाकाने खवलेला नारळ तिच्या पुढ्यात सरकवला. “आज सांगेन.”

तेवढ्यात बँडमास्तरची शिट्टी वाजली आणि तो मागच्या बाजूने पांढऱ्याचं करडं झालेलं बूड घेऊन पळाला. चोलेंगताईने दूध पिळलं, कोळंबी घातली, जाळ वाढवला. बाहेर चर्चच्या घंटा सुरू झाल्या. मी म्हटलं, मी ढवळते, तू दारात जा, इतक्या वर्षांनी संत आपल्या दारावरून चाललाय. तिने डाव माझ्या हातात दिला नाही.

मिरवणूक गल्लीत शिरली. पुढे मेणबत्त्या घेतलेल्या बायका, मग बँड, आणि बँडच्या मागे माणसांच्या खांद्यांवर सान इसिद्रो, पायाशी लाकडाचे छोटे बैल. आमच्या दारासमोर आल्यावर तिबोकाका वाजवता वाजवता रांगेतून बाहेर पडला आणि पायरीशी येऊन उभा राहिला. ट्यूबा थांबला तसा बाकीच्यांचा ताल चुकला, मागचे पुढच्यांवर आदळले, बँड थांबला. बँड थांबला म्हणून संतही थांबला. अख्खी गल्ली आमच्या दाराकडे बघायला लागली.

चोलेंगताई केळीच्या पानाचा पुडा घेऊन बाहेर आली. पुडा बांधलेला नव्हता. तिच्या हातात चमचा होता. तिने एक चमचा भरला, फुंकला आणि तिबोकाकाच्या तोंडापुढे धरला. त्याने खाल्लं. सावकाश चावलं. आमच्या गावात अशा वेळी काय म्हणायचं हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. तिबोकाकाने गिळलं, ओठ पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“मीठ कमी आहे, ताई.”

मेणबत्तीवाल्या बायकांपैकी एकीने छातीवर क्रूस काढला. फिएस्ताच्या दिवशी, भर रस्त्यात, संतासमोर, घरच्या बाईला! पण चोलेंगताईचा चेहरा असा उजळला, की आंबो गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. ती धावत आत गेली, मीठ घातलं, ढवळलं, परत आली, परत चमचा भरला. त्याने चाखलं आणि मान हलवली. मग तिने पुडा घट्ट बांधून त्याच्या हातात दिला. त्याने तो कोपरात अडकवला, ट्यूबा सरसावला, आणि सगळं परत चालू झालं.

संत पुढे गेल्यावर लोक रीतीप्रमाणे घरांवरची किपिंगची पानं ओरबाडायला लागले. आमच्याकडे मात्र आधी तिनांग आली, आणि या वेळी तिच्या हातात शेंगा नव्हत्या, वाडगा होता. तिने भांड्यापाशी उभ्या उभ्याच एक घास घेतला आणि म्हणाली, जरा तिखट हवं होतं. तिच्या मागून बासरीवाल्याची बायको आली, तिला केळफूल अजून थोडं शिजायला हवं होतं. तिसरीला कोळंबी बारीक वाटली. माझ्या घरी येऊन कुणी असं बोललं असतं तर मी झाडू उचलला असता. चोलेंगताई मात्र एकेकीला बसवून विचारत होती, आणखी काय, आणखी काय कमी वाटतंय, आणि प्रत्येकजणी वाडगा रिकामा करून सांगत होती, घरी न्यायला थोडं बांधून दे.